मिशन ट्रिपला काय न्यायचं ते नंतर, आधी तिथल्या पाळकांना एक प्रश्न विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चर्चच्या तरुण संघातले १४ जण, १२ दिवस, सगळे पहिल्यांदाच परदेशात, तिथल्या एका गरीब वस्तीत सेवा करायचीय. प्लॅनमध्ये शाळेची रंगरंगोटी, एका अनाथाश्रमात तीन दिवस मुलांसाठी कार्यक्रम, फुकट आरोग्य शिबिर, कपडे-वह्या वाटप आणि रोज संध्याकाळी सुवार्तेची, म्हणजे येशूचा संदेश सांगायची सभा. आणि विचारलंय की सोबत काय काय न्यावं आणि लोकांना खरंच उपयोग व्हावा म्हणून काय करावं.

मी नर्स आहे. वीसेक वर्षं अशा टीमबरोबर जातेय, आधी नुसती मेंबर म्हणून आणि नंतर टीम घेऊन. पहिली पाच-सहा वर्षं मी जवळपास तुमच्यासारखाच प्लॅन घेऊन जायचे, त्यामुळे पुढे कुठे काही टोचलं तर ते आधी मला टोचून झालंय असं समजा.

'काय न्यावं' हे आत्ता बाजूला ठेवू. तुमच्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही, की हा प्लॅन केला कुणी? तिथल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांनी, सांगितलं का की शाळेला रंग हवाय, की तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं 'रंगकाम काय, सगळ्यांनाच जमतं' आणि ते लिहिलं गेलं? माझा अंदाज दुसरा आहे, चुकला तर आनंदच आहे. बार्तिमयाचा शास्त्रभाग आठवा, मार्कचा १०वा अध्याय. आंधळा माणूस, रस्त्याच्या कडेला भीक मागत बसलेला, घसा फोडून ओरडतोय. त्याला काय हवंय हे गर्दीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी प्रभू त्याला जवळ बोलावून विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं? इतक्या वेळा त्या भागावर प्रवचन ऐकलं पण हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली.

आता विचारायचं म्हणजे नुसतं विचारूनही चालत नाही हां. तुम्ही तिथल्या चर्चच्या पाळकांना फोन करून 'आम्ही शाळा रंगवून देऊ का' म्हणालात तर ते हो म्हणणार, दुसरं काय म्हणतील, पाहुण्याला तोंडावर नको कोण म्हणतं, आणि उद्या याच लोकांकडून छपराला मदत मिळेल अशी आशाही असतेच. एका शाळेत आमच्या टीममधल्या पोराने सहज खिडकीजवळ नखाने रंग खरवडला तर वर निळा, खाली पिवळा, त्याच्याखाली परत निळा, आणि हे सगळं दोन-अडीच वर्षांतलं. हेडमास्तर हसून म्हणाले, सुट्ट्यांमध्ये एक टीम येते, नंतर दुसरी येते. आम्ही तिसरे. त्याच शाळेत मुलींना संडास नव्हता, आणि तो कुणी बांधून दिला नव्हता कारण संडासाचा फोटो कोण लावणार.

म्हणून मी आता प्रश्न असा विचारते: 'आम्ही या वर्षी आलोच नाही तर तुमचं कुठलं काम अडेल?' याचं उत्तर बऱ्याचदा लगेच येत नाही. पहिल्यांदा 'या, या, तुमचं स्वागत आहे' येतं. परत विचारायचं. एकट्या पाळकांना नाही, शाळेच्या बाईंना, दवाखान्यातल्या माणसाला, मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजींनाही विचारायला सांगायचं. कधी उत्तर येतं, 'अडणार काहीच नाही, पण तुम्ही आलात तर आम्हाला बरं वाटेल.' हेही चांगलं उत्तर आहे बरं का, फक्त मग तुम्ही पाहुणे म्हणून, शिकायला जाताय, आणि घरच्या मंडळीकडे वर्गणी मागताना तेच सांगायचं, 'गरिबांची सेवा' असं छापून पैसे गोळा करायचे नाहीत.

बाकी बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: देश कुठला, तिथल्या मंडळीशी तुमची ओळख किती जुनी, टीममध्ये कुणाला खरंच एखादं काम येतं का (इलेक्ट्रिशियन, शिक्षक, अकाउंटंट, नर्स), तिथली भाषा एकाला तरी येते का, आणि पुढच्या वर्षी परत जाणार का. हे सगळं माहीत असतं तर मी याहून नेमकं बोलले असते. पण तुमच्या प्लॅनमधल्या पाच गोष्टींबद्दल माझं मत काय आणि का ते सांगते.

सगळ्यात आधी अनाथाश्रम. ते तीन दिवस काढून टाका. इथे मी 'परिस्थितीवर अवलंबून' वगैरे म्हणणार नाही. जगभरात अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी जिवंत असतो असं या क्षेत्रातले लोक नेहमी सांगतात. मुलं तिथे पोचतात ती गरिबीमुळे, शाळा आणि दोन वेळचं जेवण मिळेल म्हणून. आणि बाहेरून पाहुणे येतात, रडतात, देणगी देतात, म्हणून संस्थाही वाढत जातात. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्था ७५ टक्क्यांनी वाढल्या, आणि त्या काळात तिथे काही अनाथ मुलं वाढत नव्हती, टुरिस्ट वाढत होते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या या स्वयंसेवक-पर्यटनाबद्दल काळजी व्यक्त केलीय, म्हणजे हे फक्त माझं खूळ नाहीये.

आणि नियत चांगली असली तरी माणूस कुठवर जाऊ शकतो त्याचं उदाहरण हैतीचं आहे. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला आणि महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या दहा बाप्टिस्ट लोकांना ३३ मुलं सीमेपलीकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडलं. योग्य कागदपत्रं नव्हती. नंतर कळलं की मुलं अनाथ नव्हतीच, आईबापांनी हतबल होऊन, शिकतील-सवरतील म्हणून स्वतःहून हाती दिली होती. ते लोक काही चोर नव्हते, प्रार्थना करून निघाले होते. मला त्या बातमीने तेव्हा झोप लागली नव्हती कारण त्यांच्या जागी मी स्वतःला अगदी सहज बघू शकत होते.

एक जवळून बघितलेलं सांगते. एका संस्थेत चारेक वर्षांची एक मुलगी होती, आम्ही गाडीतून उतरलो की धावत यायची आणि जो पहिला दिसेल त्याच्या गळ्यात पडायची, चेहऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही. आम्ही म्हणायचो, किती प्रेमळ पोर आहे. आमच्याबरोबर मुलांच्या मानसोपचाराचं काम करणारी एक मैत्रीण होती, ती गप्प बसली होती, रात्री म्हणाली, अनोळखी माणसाला मूल असं बिलगतं हे काळजीचं लक्षण आहे, दर दोन आठवड्यांनी कुणीतरी येतं, जीव लावतं आणि निघून जातं, हिने माणसं ओळखणंच सोडून दिलंय. दुसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा ती तशीच धावत आली आणि माझ्या शेजारणीच्या गळ्यात पडली. त्यानंतर मी कुठल्याही टीमला अशा ठिकाणी नेलेलं नाही. मुलांसाठी काही करायचंच असेल तर तिथली मंडळी संडेस्कूल चालवते, त्यांच्या शिक्षकांना साहित्य आणि ट्रेनिंग द्या, मुलांसमोर तेच उभे राहू देत, तुम्ही मागे बसून गाणी शिका. आणि टीममधल्या प्रत्येकाचं पोलीस व्हेरिफिकेशन, एकटं कुणी मुलाबरोबर खोलीत नाही हा नियम, हे तर कुठेही गेलात तरी पाहिजेच.

आता बांधकाम आणि 'काहीतरी कायमचं देऊन येऊ' हा विषय, कारण तुमच्या मेसेजच्या शेवटी 'जमल्यास पाण्याचा पंप' असंही आहे. याच्यावर माझे हात चांगलेच भाजलेत.

युगांडाच्या पूर्व भागात आम्ही वर्गणी काढून एका गावाला बोअर मारून हापसा बसवून दिला. उद्घाटन, प्रार्थना, फीत, पहिली बादली पाळकांच्या बायकोने भरली, सगळे रडलो. दोन वर्षांनी मी परत गेले तर हापशाच्या ओट्यावर मका वाळत घातलेला आणि दांड्यावर गंज. मला वाटलं बिघडला. तर नाही, चालू होता! एका बाईने मला दाखवायला म्हणून पातेलंभर पाणी काढलं, स्वच्छ दिसत होतं, मग तिने ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली बस जरा. थोड्या वेळाने पाणी तांबूस झालं, तळाशी गाळ बसला. म्हणे कपडे पिवळे पडतात, चहा काळा होतो, शिजवलेलं कुणी खात नाही. त्या बायका परत जुन्या डबक्यावर जायला लागल्या होत्या, जिथून त्यांना सोडवायला आम्ही हे सगळं केलं होतं.

झालं असं होतं की तिथलं भूजल जरा आम्लधर्मी आहे, आणि आम्ही खाली सोडले होते साधे जीआय पाइप, गॅल्वनाइज्ड लोखंडी. असं पाणी जस्ताचा थर खातं आणि मग लोखंड विरघळायला लागतं. स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे पाइप टाकायला हवे होते, ते आम्हाला महाग पडत होते म्हणून आम्ही पैसे 'वाचवले'. आणि चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही, जिल्ह्याच्या पाणी खात्यातल्या माणसाने दहा मिनिटांत सांगितलं असतं, आम्ही त्याला विचारलंच नाही कारण आमच्याकडे फक्त १२ दिवस होते. हो, १२च.

या हापशाची एक गंमत सांगते, विषयाला धरूनच आहे. युगांडात त्याला यू-टू म्हणतात पण मूळ डिझाइन आहे इंडिया मार्क टू, आणि त्याची मुळं जातात जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या वर्कशॉपपर्यंत. आधीचे कास्ट आयर्नचे पंप घरगुती वापराचे होते, अख्ख्या गावाने दिवसभर हापसलं की मोडायचे. तिथल्या मिशनच्या लोकांनी ते मोडके पंप रोज बघितले, स्थानिक मिस्त्रींबरोबर बसून वर्षानुवर्षं फेरबदल करत गेले, आणि १९७०च्या दशकात युनिसेफ आणि भारतीय इंजिनियरांनी त्यावरून मार्क टू तयार केला जो आज आफ्रिकेतही गावोगाव दिसतो. तेही मिशन, आमचंही मिशन. फरक एवढाच की ते लोक पंप मोडला तेव्हाही गावातच होते.

२००९ च्या सुमाराचा एक नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे की सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दर तीन हापशांमधला साधारण एक बंद असतो. कारणं फार मोठी नसतात, वॉशर झिजतो, रॉड तुटतो, पण सुटा भाग कुठे मिळतो, मिस्त्री कोण, पैसे कुणी गोळा करायचे हे ठरलेलं नसतं. तेव्हा पंप द्यायचाच असेल तर नवा बोअर मारण्याआधी विचारा की आजूबाजूला बंद पडलेले किती आहेत. आम्ही पुढे तेच केलं: पैसे तिथल्या पाणी समितीमार्फत, दुरुस्ती तिथल्याच मिस्त्रीकडून, आणि आमच्या टीमने काय केलं तर पाइप उचलायला हात लावला आणि बाकी वेळ बघत बसले. पोरं कंटाळली, एक जण म्हणाला आपण काहीच केलं नाही. मी म्हटलं, हो, पण तीन हापसे चालू झाले.

आरोग्य शिबिराबद्दल मला सगळ्यात जास्त बोलता येईल पण मी आवरतं घेते. आमच्या पहिल्या शिबिरांपैकी एकात दिवसाला तीनशे पेशंट, दुभाष्यामार्फत प्रत्येकी दोन मिनिटं. एका काकांचं बीपी बरंच वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी अम्लोडिपिन लिहून दिली, मी महिन्याच्या गोळ्या मोजून हातात ठेवल्या, समजावून सांगितलं, रोज एक. पुढच्या वर्षी ते रांगेत पहिले उभे होते. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात रिकाम्या पट्ट्या नीट घडी करून आणि चार गोळ्या शिल्लक. म्हणाले या चार जपून ठेवल्यात, डोकं फारच दुखलं तर घ्यायला. बीपीची गोळी! मी त्यांना महिन्याचं औषध दिलं होतं आणि अकरा महिन्यांचं काहीच दिलं नव्हतं. त्यात आणखी एक, वस्तीपासून थोड्याच अंतरावर एक छोटा सरकारी दवाखाना होता, तिथला हेल्थ वर्कर मला म्हणाला तुम्ही येऊन गेलात की पुढे बरेच दिवस लोक माझ्या गोळीवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणतात परदेशी गोळी दे. त्याने हे अगदी शांतपणे सांगितलं, मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तर नियम माझे हे: तिथल्या दवाखान्याच्या हाताखाली काम करायचं, स्वतःचं दुकान थाटायचं नाही. जे काम करायची परवानगी तुम्हाला स्वतःच्या देशात नाही ते तिथेही करायचं नाही, कॉलेजच्या मुलांनी इंजेक्शन देऊन 'अनुभव' घ्यायचा नाही, पेशंट गरीब आहे म्हणून त्याचा दंड प्रॅक्टिसला मिळत नसतो. डॉक्टर-नर्स असतील तर तिथल्या नोंदणीची परवानगी आधी काढायची. औषधं न्यायची तर दवाखान्याने यादी दिली असेल तीच, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे पोचल्यावर निदान एक वर्ष मुदत शिल्लक असलेली. घराघरांतून गोळा केलेली उरलीसुरली नाहीत. आणि खरं सांगू का, सगळ्यात उपयोगाची गोष्ट बहुतेक वेळा शिकवणंच असते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, साखर-मिठाची अदलाबदल नको), जुलाब झालेल्या पोराला घोट घोट देत राहायचं. हे तिथल्या मंडळीतल्या दहा बायकांना पक्कं येऊ दे, त्या पुढची दहा वर्षं तिथेच असणार आहेत.

वाटपाचं थोडक्यात. गाडीच्या मागच्या दारातून कधीही काही वाटू नका. मी वह्यांसाठी झालेली चेंगराचेंगरी पाहिलीय, एका मुलीचा हात दारात सापडला होता, आणि वह्या मिळाल्या त्या धटिंगणांना. द्यायचं ते मंडळीच्या किंवा शाळेच्या हाती द्या, त्यांना माहीत असतं कुणाच्या घरी खरी गरज आहे, आणि तुमचं नाव निघालं नाही तरी चालेल, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे मत्तयात आपणच वाचतो ना. शक्यतो तिथल्याच दुकानातून विकत घ्या, कारण बाहेरून आलेला फुकटचा किंवा स्वस्त माल तिथल्या माणसाचा धंदा बसवतो. हैतीत अमेरिकेच्या सबसिडीच्या स्वस्त तांदळाने तिथला भात पिकवणारा शेतकरी मोडला, आणि २०१० मध्ये खुद्द बिल क्लिंटन यांनी आपल्या काळातलं ते धोरण चुकलं असं जाहीर कबूल केलं. तुमच्या चार बॅगा कपड्यांनी एवढं होणार नाही, पण त्या वस्तीत शिवणयंत्रावर पोट भरणारी एखादी बाई असते आणि तिच्या सीझनला तुमच्या बॅगा पोचतात.

सुवार्तेच्या सभेवर तुम्ही काही विचारलं नाहीये पण सांगते, कारण इथेच आपल्या लोकांचे दोन तट पडतात. मी स्वतः साक्ष द्यायला लाजत नाही, कुणी विचारलं की का आलात तर मी येशूचं नाव घेते. पण रांगेत उभ्या माणसाला आधी प्रवचन आणि मग गोळी, हे मी होऊ देत नाही. भुकेला माणूस कशालाही आमेन म्हणतो, त्या आमेनचं तुम्ही काय करणार? आणि हे बाहेरच्यांनी आपल्यावर लादलेलं नाहीये. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये मदतकार्याची जी आचारसंहिता केली, की मदत गरजेप्रमाणे द्यायची आणि एखादं राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला वापरायची नाही, ती मांडणाऱ्यांत कॅथलिक कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस हेही होते. सभा घ्यायचीच तर वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी, आणि बोलू देत तिथले पाळक. किती हात वर झाले हे मोजून रिपोर्टात लिहू नका, काही लोक दर टीमला हात वर करतात, पाहुण्यांचं मन राखायला.

कायदाही बघा. नेपाळमध्ये २०१५च्या राज्यघटनेनेच कुणाचं धर्मांतर करायला मनाई केलीय आणि २०१७च्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही विमानात बसून निघून जाता, पोलीस स्टेशनच्या चकरा तिथल्या पाळकांना माराव्या लागतात. व्हिसाही तसाच, बऱ्याच देशांत टुरिस्ट व्हिसावर स्वयंसेवी काम किंवा धार्मिक काम चालत नाही, फॉर्मवर 'फिरायला' लिहून इमिग्रेशनला खोटं बोलून सेवेची सुरुवात करू नका.

तब्येतीचं पटकन: निघायच्या निदान दीड-दोन महिने आधी ट्रॅव्हल क्लिनिकला जा. यलो फीव्हरची लस लागणाऱ्या देशात जाणार असाल तर सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं (एकदा घेतली की आता आयुष्यभर चालतं, २०१६ पासून). मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही घ्यायच्या असतात, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे, आणि इथेच सगळे आळस करतात. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी प्रवासाचं सांगा. पण हे झालं आपल्याला काय होईल याचं, उलटंही लक्षात ठेवा. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा आला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेल्यामुळे, आधी शंभर वर्षं तिथे कॉलऱ्याची नोंद नव्हती, जवळपास १०,००० माणसं गेली, आणि त्यात आपला वाटा होता हे संयुक्त राष्ट्रांनी मान्य करायला २०१६ उजाडलं. तेव्हा टीममध्ये कुणाला जुलाब-ताप असेल तर त्याने स्वयंपाकात आणि मुलांमध्ये जायचं नाही, आणि १४ जणांचे संडास-पाणी त्या वस्तीच्या वाट्यातून जाणार की वेगळी सोय आहे हे आधी विचारा.

फोटो: ज्याचा काढताय त्याला विचारून, मुलांचे नाहीच, आणि तुमच्या पोराचा तसल्या अवस्थेतला फोटो अनोळखी माणसाने लावला तर चालेल का एवढं स्वतःला विचारून.

मग जायचंच नाही का, एवढे पैसे तिकिटाला घालण्यापेक्षा तिथेच पाठवावेत? हा प्रश्न कुणीतरी तुमच्या मीटिंगमध्ये विचारेल आणि त्याला गप्प करू नका, बरोबरच विचारतोय. माझं मत: एकदाच जाऊन विसरणार असाल तर पाठवाच. पण त्याच मंडळीकडे पाच-दहा वर्षं जात राहणार असाल, मधल्या काळात फोन-पत्र चालू ठेवणार असाल, ते लोक तुमच्याकडे यावेत म्हणूनही खर्च करणार असाल, तर जा. आणि १४ जण फार होतात हो, पहिल्या वेळी पाच-सहा जणच जा. १४ माणसांचा स्वयंपाक, झोपायची सोय, दुभाषे, यातच ती मंडळी दमून जाते, त्यांच्या घरातल्या बायका १२ दिवस चुलीपुढून उठत नाहीत आणि आपण बाहेर 'सेवा' करत असतो. एका वर्षी मी दोन दिवस फक्त भांडी घासली आणि पाणी भरलं त्या बायकांबरोबर, त्या ट्रिपमध्ये त्या वस्तीबद्दल मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या पाच ट्रिपमध्ये कळलं नव्हतं: कुणाचा नवरा कुठे गेलाय, कर्ज कुणाचं, शाळा कशामुळे सुटते.

तर तुमच्या प्लॅनचं माझ्या हिशोबाने असं होतं: अनाथाश्रम रद्द, शिबिर दवाखान्याने बोलावलं तरच आणि त्यांच्या हाताखाली, रंगकाम शाळेने मागितलं असेल तर (आणि तिथला रंगारी मजुरीवर घेऊन), वाटप मंडळीच्या हातून, सभा त्यांच्या पद्धतीने.

बॅगेचं विचारलं होतं तेवढं सांगून टाकते: बंद बूट, अंगभर कपडे, टॉर्च, स्वतःची औषधं पूर्ण दिवसांची, भरून घ्यायची पाण्याची बाटली, पासपोर्टच्या दोन झेरॉक्स, एक छोटी वही तिथल्या भाषेतले शब्द लिहायला. निघायच्या आधी पन्नास शब्द तरी पाठ करा, आकडे आणि नात्यांचे शब्द आधी. येताना बॅगेत थोडी जागा ठेवा, तिथले लोक तुम्हाला काहीतरी देणारच, परवडत नसलं तरी, आणि ते 'नको नको' न करता घ्यायचं.

पाळकांना तो प्रश्न या आठवड्यात पाठवा. उत्तराला पंधरा दिवस लागले तरी मधे तिकिटं काढू नका. काय म्हणाले ते मला सांगा, देश कुठला तेही, मग १२ दिवसांचं टाइमटेबल आपण मिळून बसवू.